गाठीचा तळ बघा

पॅथॉलॉजीचं एमडी करताय आणि त्वचेच्या गाठींचं निदान शिकायचंय, तर माझ्या एका चुकीपासूनच सुरुवात करते.

एमडी होऊन मी कोल्हापुरात नुकतीच रिपोर्ट सही करायला लागले होते. शिरोळकडच्या एका ऊसकरी मामांच्या खांद्यावरच्या गाठीचा छोटा तुकडा आला. फॉर्मवर एवढंच : 'गाठ, खांदा.' स्लाइडवर लांबट पेशी भोवऱ्यासारख्या गुंफलेल्या. मी 'डर्मॅटोफायब्रोमा' लिहिलं, म्हणजे साधी, निरुपद्रवी गाठ. वर्षाच्या आत व्रणाच्या जागीच गाठ परत आली. स्लाइड न्यायला मामा स्वतः आले तेव्हा म्हणाले, "वाढतीया लई वर्सं, पर दुखत न्हाई." ही माहिती मला आधी फोन करून मिळवता आली असती.

दुसऱ्या वेळी गाठ चरबीसकट आली. त्याच पेशी चरबीच्या पेशींमधून शिरत गेल्या होत्या, मधाच्या पोळ्यासारखी जाळी करत. सीडी३४ हा स्टेन, म्हणजे ठरावीक पेशी ओळखायचा रंग, गडद पॉझिटिव्ह. हा डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबेरन्स, थोडक्यात डीएफएसपी, त्वचेतला एक कॅन्सर. ही गाठ दूर क्वचितच पसरते, पण अपुरी काढली की त्याच जागी परत येते. म्हणून भोवतालची निरोगी त्वचा रुंद कापावी लागते. पहिल्या तुकड्यात चरबी नव्हतीच. पेशी बघून मी निदान केलं, पण तुकडा कुठे संपतोय हे बघितलंच नाही.

म्हणून आधी लो पॉवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाचं कमी मोठं करणारं भिंग. गाठीचा आकार, कडा आणि तळ बघा, पेशींकडे नंतर वळा. तुकडा वरवरचा असेल तर रिपोर्टात तसं स्वच्छ लिहा आणि खोल बायोप्सी मागा. असं लिहायला सुरुवातीला भीती वाटते, मलाही वाटायची. सर्जनला फोन करा. बहुतेकदा ते आनंदाने सांगतात. सीडी३४वरही डोळे झाकून विसंबू नका : डीएफएसपीचा जो भाग अधिक आक्रमक झालेला असतो, तिथे हा स्टेन फिका पडू शकतो. शंका उरली तर १७ आणि २२ या गुणसूत्रांमधल्या अदलाबदलीची चाचणी असते. ती मोठ्या केंद्रात पाठवा, आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) जपून ठेवा.

नमुन्याची काळजीही आपलीच. गडहिंग्लज-चंदगडकडून येणारा तुकडा काही तास प्रवासात असतो. सलाइनमध्ये आला तर पेशी विरघळायला लागतात. तुकडा टिकवणारं १० टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट, एवढं पाठवणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहा.

आणखी दोन गाठी मनात पक्क्या ठेवा. पापणीवरची रांजणवाडी पुन्हा पुन्हा होत असेल, विशेषतः वयस्कर माणसाला, तर ती सेबेशियस कार्सिनोमा, म्हणजे तेलग्रंथींचा कॅन्सर, असू शकते. काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला आलाच पाहिजे. आणि म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर झपाट्याने वाढणारी लालसर गाठ, आत लहान निळ्या पेशी : मर्केल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा आक्रमक कॅन्सर आठवा. त्यात सीके२० हा स्टेन केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखा दिसतो. पण फुफ्फुसातून आलेला कॅन्सर आधी वगळा, तिथे टीटीएफ-१ हा फुफ्फुसाचा कॅन्सर ओळखायचा स्टेन मदतीला येतो.

मामांच्या दोन्ही स्लाइड माझ्या डब्यात आहेत. नवीन विद्यार्थी आला की पहिली देते आणि विचारते, यात चरबी कुठे दिसते का?