जुनी गाडी खड्ड्यात घालते म्हणता? आधी या चुका टाळा

एक लाख किलोमीटर झाले की गाडी काढून टाकायची, असं अजूनही कितीतरी लोक डोक्यात धरून बसलेत. पूर्वी ते बरोबरही असेल, जुन्या गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असायचे, ९९,९९९ झाले की परत शून्य, म्हणजे कंपनीनेच हात टेकल्यासारखं. आताचं इंजिन वेळेवर ऑइल मिळालं तर दोन-अडीच लाख आरामात जातं. अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन नावाच्या शिक्षकाने १९६६ ला घेतलेली व्होल्वो पी१८०० तीस लाख मैलांच्या पुढे नेली, म्हणजे जवळपास अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर! इंजिन अधेमधे खोलून बांधावं लागलं, पण गाडी तीच. आपल्याला एवढं पळवायचं नाहीये, पण ज्या गाड्या निम्म्यातच भंगारात जातात त्यातल्या बऱ्याच मालकाच्या हाताने जातात हे खरंय.

नुसतं रनिंग बघणं

बारा वर्षांत तीसच हजार पळालीय, म्हणजे नवीकोरी, असं समजून लोक गाडी घेतात आणि मग रडतात. रबराला किलोमीटर कळत नाहीत, वय कळतं. होज पाइप, सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंट, ऑइल सील, सगळं उभ्या गाडीतसुद्धा कडक होऊन चिरतं. टायरवर बाजूला चार आकडी तारीख असते, ३५१९ लिहिलं असेल तर २०१९ चा पस्तिसावा आठवडा, नक्षी कितीही जाड दिसू दे, दहा वर्षांचा टायर वापरायचा नाही. आणि रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होणारी गाडी तर सगळ्यात वाईट, ऑइल नीट तापतच नाही, मग त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही आणि आतल्या आत गाळ धरतो. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर न मोजता वर्षाला बदलायचं, विषय संपला.

"याला काही करायला लागत नाही" ऐकून गप्प बसणं

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर चालतं म्हणतात, पण आयुष्य कोणाचं ते सांगत नाहीत 😄 साठ हजार ते एक लाखाच्या दरम्यान बदललेलं बरं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे लवकर उकळतं, आणि लांब उतारावर पेडल एकदम मऊ लागतं. दोन वर्षांनी बदला, स्वस्तातलं काम आहे.

आता टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारा इंजिनातला पट्टा. तुमच्या इंजिनला बेल्ट आहे की चेन हेच किती जणांना माहिती नसतं. बेल्ट असेल तर मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी होईल तेव्हा बदलायचा, कारण तो बहुतेक वेळा काही न सांगताच तुटतो. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं आणि बेल्टच्या कितीतरी पट बिल होतं. दुसरं म्हणजे वॉटर पंप त्या बेल्टवरच चालत असेल तर त्याच वेळी बदलून घ्या, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनरही. मजुरी सगळी उघडण्याचीच असते, पंप वाचवला आणि सहा महिन्यांनी गळायला लागला की तीच मजुरी परत.

तापमानाचा काटा वर जातोय तरी "थोडंच राहिलंय" म्हणून चालवणं

ही एकच चूक चांगल्याभल्या इंजिनाचा जीव घेते. काटा वर चढला की एसी बंद, हीटर फुल, बाजूला घ्या आणि इंजिन बंद. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, भाजेल. अॅल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकडं होतं आणि हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, जातं. कुठे गळती दिसत नाही पण कूलंट कमी होतंय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलला दुधाच्या चहासारखा रंग, यातलं काही दिसलं तर आधी कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करायला सांगा. कूलंट भरत भरत महिनाभर ढकलू नका.

स्कॅनरने सांगितलं म्हणून पार्ट बदलणं

जुन्या गाडीवर सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. चेक इंजिन लाइट लागली, गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर पी०१७१ कोड आला, त्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एवढंच. पण लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, लाइट परत येते, मग एअरफ्लो सेन्सर, मग इंजेक्टर, आणि शेवटी निघतं काय तर इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणारा, एक चिरलेला रबरी पाइप जिथून हवा घुसतेय! सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. आधी कारण दाखवा, मग पार्ट बदला, असं मेकॅनिकला स्पष्ट सांगायचं, त्याला राग आला तर येऊ दे. बॅटरीचंही तेच, सारखी उतरते म्हणून नवी टाकण्याआधी मीटर लावून बघा, बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १४ पाहिजे. चालू असताना पण १२ च्या आसपासच असेल तर चार्जिंगमध्येच घोळ आहे, म्हणजे अल्टरनेटर, त्याचा बेल्ट नाहीतर वायरिंग, नवी बॅटरी पण तशीच उतरणार.

चुकीचा हिशोब

"गाडीच्या किमतीच्या निम्मा खर्च आला, विकून टाक." अरे पण दुरुस्तीची तुलना गाडीच्या किमतीशी कशाला? दुसरी गाडी घेतली तर वर्षाला हप्ता, इन्शुरन्स आणि किमतीतली घसरण मिळून किती जातील ते काढा आणि त्याच्यासमोर जुनीचा वर्षाचा खर्च ठेवा, तोही एका वाईट महिन्याचा नाही, मागच्या दोन-तीन वर्षांची बिलं बेरीज करून. क्लच, शॉक अॅब्सॉर्बर, टायर एकदा केले की काही वर्षं बघावं लागत नाही, आणि लोक नेमकं हे सगळं करून झाल्यावर वैतागून गाडी विकतात, फायदा घेणाऱ्याचा.

माझ्या मते पैसे घालणं थांबवायची खरी वेळ इंजिन नाही, गंज ठरवतो. पार्ट बदलता येतात, सांगाडा नाही. मोठं काम काढायच्या आधी गाडी लिफ्टवर घ्या, खालच्या चॅनेलवर आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आतलं कार्पेट उचलून फ्लोअर पण बघा. वरवरचा तांबूस थर घासून रंगवता येतो. पण पत्रा पापुद्र्यासारखा सुटून स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर इंजिन कितीही गोड वाजत असू दे, नवीन क्लचची ऑर्डर रद्द करा.