नोम रेंजर कसा तयार करावा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं रंगवून खेळायच्या खेळाच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत नोम या बुटक्या जमातीच्या पात्राला इंटेलिजन्सचे (बुद्धीचे) २ गुण जास्त मिळतात आणि रेंजरला, म्हणजे रानात वावरणाऱ्या शिकारी योद्ध्याला, त्यांची फारशी गरज नसते. म्हणून ही जोडी बरेच जण टाळतात. मला ती फार आवडते, आणि त्याचं कारण आहे नोमची जेमतेम तीन-चार फुटांची उंची.

आधी उपजात ठरवा. फॉरेस्ट नोमच घ्या. डेक्स्टेरिटी (चपळाई) १ ने वाढते, ससे-खारींसारख्या लहान प्राण्यांशी साधं बोलता येतं आणि मायनर इल्युजन हा आभासाचा मंत्र मिळतो. या मंत्राने पाच फुटी घनात मावेल एवढाच आभास उभा राहतो. माणसाला त्यामागे अंग चोरून बसावं लागेल. नोम खोट्या दगडाआड सहज लपतो.

मग गुण. गुण विकत घ्यायला मिळणाऱ्या २७ पॉइंटांत डेक्स्टेरिटी १५, विस्डम आणि कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स आणि करिझ्मा १०, स्ट्रेंग्थ ८ असं बसतं. नोमची भर पडली की डेक्स्टेरिटी १६, इंटेलिजन्स १२. कौशल्यांत स्टेल्थ आणि परसेप्शन सोडू नका.

शस्त्रांपाशी मात्र थांबा. रेंजरच्या सुरुवातीच्या सामानात लाँगबो (मोठं धनुष्य) असतो. तो ‘हेवी’ शस्त्रांत मोडतो, त्यामुळे स्मॉल आकाराच्या नोमला प्रत्येक बाणाला डिसॲडव्हांटेज: फासा दोनदा टाकायचा आणि कमी आकडा धरायचा. पहिल्या सत्राआधीच डीएमला (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला) विचारून शॉर्टबो घ्या. इजेसाठी आठऐवजी सहा बाजूंचा फासा आणि १५० ऐवजी ८० फुटांचा पल्ला, एवढंच काय ते नुकसान. दुसऱ्या लेव्हलला आर्चरी शैली घेतली की नेमाला +२ मिळतात.

खरी मजा तिसऱ्या लेव्हलला. बीस्ट मास्टर ही प्राणी सोबती देणारी रेंजरची शाखा निवडा आणि सोबतीला लांडगा घ्या. स्वारीचा प्राणी स्वारापेक्षा निदान एका आकाराने मोठा हवा, असा नियम आहे. लांडगा मीडियम, म्हणून मीडियम आकाराच्या माणसाला त्याच्यावर बसता येत नाही, नोमला येतं! नोमची स्वतःची चाल २५ फूट, लांडग्याची ४०. त्याला ‘इकडे चल’ सांगायला ॲक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) खर्चावी लागत नाही, त्यामुळे तुमची ॲक्शन बाणासाठी मोकळी राहते. त्याला चावायला सांगाल तर मात्र ती जाते. तिसऱ्या लेव्हलला त्याचे हिट पॉइंट १२ च असतात, म्हणून त्याला घेऊन घोळक्यात घुसू नका. कडेकडेने फिरत बाण सोडा.

लांडगा स्मॉल नसल्यामुळे नोमची उपजत प्राणिभाषा त्याच्याशी चालत नाही. त्यासाठी स्पीक विथ ॲनिमल्स हा मंत्र शिकून ठेवा.

फेव्हर्ड एनिमी (रेंजरला खास माहिती असलेला शत्रूचा प्रकार) आणि आवडता प्रदेश, हे दोन्ही मोहीम कुठे घडणार हे डीएमला विचारून ठरवा. त्याच वेळी लांडग्याचाही विषय काढा. स्वार घ्यायला शिकवलेला प्राणीच लढाईत हुकमात राहतो, तेव्हा पहिल्या लेव्हलपासूनच एखादं पिल्लू नोमच्या मागेमागे फिरत मोठं होऊ द्या.