एअर रायफलमध्ये जड पेलेट टाकताय? या चुका टाळा

"हेवी पेलेट घे भाऊ, लांब जाते आन् जोरात लागते." नागपुरात सीताबर्डीपासून हिंगण्यापर्यंत नवीन एअर रायफल घेतलेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी हे सांगतंच. मग पोरगं 10 ग्रेनच्या (पेलेटचं, म्हणजे शिशाच्या छर्ऱ्याचं वजन मोजायचं माप) वरचा डबा आणते, घरामागच्या कंपाउंडमध्ये टार्गेट लावते, आणि कालपर्यंत एका रुपयाच्या नाण्याएवढा येणारा ग्रुप (भोकांचा पुंजका) आज बशीएवढा झालेला दिसतो. मग रायफल खराब, स्कोप खराब, दुकानदार चोर, सगळे आरोप होतात. बहुतेक वेळा यातलं काहीच खराब नसतं, पेलेटचं वजन बदललं की रायफलच्या आत काय काय बदलतं ते कोणी सांगितलेलं नसतं एवढंच. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी वजनाचा अंदाज घ्या. आपण इथे 4.5 मिमी म्हणजे पॉइंट 177 इंच बोअरबद्दलच (नळीच्या आतला व्यास) बोलतोय. यात 7 ग्रेनच्या आसपासचं पेलेट हलकं, 8 ते 8.5 मधलं, आणि 10 च्या वर गेलं की जड समजायचं. 13 आणि 16 ग्रेनचे पण मिळतात. एका ग्रॅममध्ये 15.43 ग्रेन बसतात, त्यामुळे डब्यावर 0.67 ग्रॅम लिहिलं असेल तर ते साधारण 10.3 ग्रेनचं पेलेट.

सगळ्यात मोठी चूक: रायफल कोणती ते न पाहता वजन वाढवणं

स्प्रिंगवाली म्हणजे स्प्रिंगर (नळी मोडून ताणायची, ब्रेक बॅरल) आणि पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून हवा भरायची), या दोन रायफली जड पेलेटला एकदम उलट वागतात. हे एक कळलं तर अर्धी भानगड मिटते.

स्प्रिंगरमध्ये हवा आधीपासून भरलेली नसते. ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे सुटतो, समोरची हवा दाबतो आणि त्या दाबाने पेलेट निघतं, सगळा खेळ काही मिलीसेकंदांचा. पेलेट जड असलं की ते जागचं हलायलाच वेळ लावतं, तोपर्यंत पिस्टनपुढचा दाब इतका वाढतो की पिस्टन त्या हवेच्या गादीवर आपटून मागे उसळतो, आणि पेलेट अजून नळीतच असताना मागची जागा वाढून दाब पडतो. म्हणजे जी ताकद पेलेटला मिळायला पाहिजे होती ती पिस्टनच्या उड्या मारण्यात गेली. समजा तुमची रायफल 0.51 ग्रॅमचं पेलेट 230 मीटर प्रति सेकंदाने फेकते, तर ऊर्जा झाली साधारण 13.5 ज्यूल. आता तीच रायफल 0.69 ग्रॅमचं पेलेट 185 ने फेकत असेल तर ऊर्जा 11.8 ज्यूल. पेलेट जड झालं आणि मार कमी झाला! हिशोब सोपा आहे, ग्रॅममधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 2000, उत्तर ज्यूलमध्ये.

उलटं टोकही वाईट, हे पण लक्षात ठेवा. फारच हलकं पेलेट टाकलं तर ते झटकन निघून जातं, पिस्टनसमोर हवेचा आधार उरत नाही आणि तो जाऊन भिंतीवर ठोकर मारतो, यात सील आणि स्प्रिंग लवकर जातात. म्हणून साध्या स्प्रिंगरला माझा सल्ला स्पष्ट आहे, 7 ते 8.5 ग्रेनमध्येच राहा, जोरदार मॅग्नम स्प्रिंगर असेल तर 10 पर्यंत ट्राय करा, त्याच्या पुढे जाऊ नका.

पीसीपीचं वेगळं. तिथे सिलिंडरमध्ये भरलेली हवा पेलेटच्या मागे ढकलत राहते, जड पेलेट नळीत जास्त वेळ राहतं म्हणून त्याला धक्का पण जास्त वेळ मिळतो, वेग थोडा कमी होतो पण ऊर्जा वाढते. जड पेलेटचा खरा फायदा इथेच. 30-40 मीटरवर ते वेग कमी गमावतं आणि वाऱ्याने कमी सरकतं.

पण इथेच कायद्याची भानगड आहे आणि ती लोक पाहतच नाहीत

आपल्याकडे बिनलायसन एअर रायफलसाठी बोअर 4.5 मिमीपर्यंत आणि ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत, ही मर्यादा आर्म्स रूल्स 2016 मध्ये आहे. आता धरा तुमची पीसीपी 0.547 ग्रॅमच्या पेलेटला 268 मीटर प्रति सेकंद देते, ते झाले 19.6 ज्यूल, म्हणजे आतमध्ये. तुम्ही कशालाही हात न लावता फक्त डबा बदलला, 0.67 ग्रॅमचं पेलेट टाकलं आणि ते 256 ने निघालं, तर झाले जवळपास 22 ज्यूल. रायफल तीच, स्क्रू एक फिरवला नाही, तरी मर्यादा ओलांडली. म्हणून जड पेलेटवर जायच्या आधी क्रोनोग्राफवर (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) मोजा, मित्राचा आणा नाहीतर कोचला विचारा, पण मोजा. ऊर्जा 20 ज्यूलच्या वर गेली तर हॅमर स्प्रिंगचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या हातोडीची स्प्रिंग) टेन्शन किंवा रेग्युलेटरचा (शॉटच्या हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) दाब कमी करून घ्या, आणि हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या. भरलेल्या सिलिंडरवर पाना लावणं हा जिवाशी खेळ आहे, आधी हवा पूर्ण काढायची.

फिटिंगकडे दुर्लक्ष

वजन पाहतात पण डोकं पाहत नाहीत. पेलेटच्या डब्यावर 4.50, 4.51, 4.52 असं लिहिलेलं असतं, तो डोक्याचा व्यास. शंभरावा हिस्सा मिलीमीटर म्हणजे काय विशेष असं वाटतं, पण नळीला तो कळतो. पेलेट बोटाने ठेवलं आणि आपोआप आत घरंगळलं तर ढिलं आहे. अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागलं तर घट्ट, आणि दाबताना स्कर्ट म्हणजे मागचा झगा वाकडा होतो. हलक्या हाताने दाबल्यावर एकसारखं बसलं पाहिजे.

त्यात बऱ्याच जड पेलेटांचा स्कर्ट जाड असतो. स्कर्टचं काम असं की मागून दाब आला की त्याने फुगून नळीला चिकटायचं आणि हवा अडवायची. कमी ताकदीच्या स्प्रिंगरमध्ये जाड स्कर्ट नीट फुगतच नाही, बाजूने हवा सुटते, आणि मग एका शॉटला 190 आणि दुसऱ्याला 175 असा वेग येतो. टार्गेटवर याची खूण म्हणजे भोकं आडवी न पसरता उभी पसरतात, एकाखाली एक. उभा ग्रुप दिसला की पहिला संशय वेगावर घ्या, हातावर नंतर.

डब्यातली पेलेटं एकदा पांढऱ्या कागदावर ओतून पाहत जा. चेपलेली वेगळी काढा, ती सुरुवातीच्या, न मोजायच्या शॉटांना ठीक. आपल्याकडे पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडं राहिलं की शिशावर पांढरी भुकटी धरते, तसली पेलेटं वापरू नका, आणि ती भुकटी फुंकर मारून उडवू पण नका, विषारी असते.

झिरो तोच राहील असं समजणं

नवीन पेलेट म्हणजे नवीन झिरो (नेम धरला तिथेच लागेल असं स्कोपचं सेटिंग), यात वाद नाही. पण किती बदलायला पाहिजे याचा अंदाज असला की दोष कुठे आहे ते पकडता येतं. 240 ने निघालेलं पेलेट 10 मीटरपर्यंत साधारण 8 ते 9 मिमी खाली येतं, 200 ने निघालेलं 12-13 मिमी. म्हणजे फरक चार मिमीच्या आसपास. 25 मीटरवर हाच फरक अडीच सेंटीमीटरच्या घरात जातो. आता तुमचं पेलेट 10 मीटरवर तीन सेंटीमीटर डावीकडे गेलं असेल तर ते वजनाने पडलेलं नाही हो, तो रिकॉइल आणि पकडीचा मामला आहे, किंवा स्कोप सरकलाय.

स्प्रिंगरमध्ये जड पेलेट नळीत जास्त वेळ थांबतं आणि तेवढ्या वेळात रायफल पुढे-मागे दोन्हीकडे झटका देऊन मोकळी होते. म्हणजे पेलेट बाहेर पडायच्या आधीच रायफल हललेली असते. अशी रायफल घट्ट आवळून धरली की प्रत्येक वेळी वेगळी उसळते. पुढचा हात मोकळा, उघड्या तळव्यावर रायफल नुसती ठेवलेली, खांद्याला हलका टेकू, आणि तळवा दरवेळी त्याच जागी. सँडबॅगवर सरळ ठेवून मारणारे बरेच आहेत, त्याने स्प्रिंगरचा ग्रुप हमखास फाटतो. पीसीपीला मात्र बॅगवर ठेवलेलं चालतं.

ग्रुप फाटला की सगळ्यात आधी स्क्रू पाहा. जड पेलेटने झटक्याची तऱ्हा बदलते, स्टॉकचे (रायफलचा दस्ता) आणि माउंटचे (स्कोप धरून ठेवणारी पकड) स्क्रू ढिले होतात. लाकडी स्टॉक जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरून फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, त्यामुळे ऋतू बदलला की स्क्रू तपासायचेच. आणि स्प्रिंगरवर स्प्रिंगरसाठीच बनवलेला स्कोप पाहिजे, दोन्ही दिशांचा झटका साध्या स्कोपला झेपत नाही.

पाच शॉट मारून निकाल देणं

हे फार होते. नवीन पेलेटचे पाच शॉट, ग्रुप वाईट, डबा कपाटात. नळीत आधीच्या पेलेटच्या शिशाचा आणि वंगणाचा थर असतो, नवीन पेलेटचा थर बसेपर्यंत सुरुवातीचे शॉट इकडेतिकडे जातात, ते मोजू नका. त्यानंतर दहा-दहाचे ग्रुप मारा, ते पण वेगवेगळ्या दिवशी. पाच शॉटमध्ये चांगलं पेलेट वाईट दिसू शकतं आणि वाईट पेलेट नशिबाने चांगलं.

वेळ पण पाहा ना राजेहो. मे महिन्यात नागपुरात दुपारी पारा 45 च्या आसपास, गरम वारा सुटलेला, स्कोपमधून टार्गेट पाण्यासारखं हलताना दिसते आणि तुम्ही पेलेटची परीक्षा घेताय. सकाळी साडेसहा-सातला मारा. टार्गेटच्या बाजूला काडीला लोकरीचा धागा बांधा, तो लटकलेला असेल तेव्हाच ट्रिगर.

उन्हाचा पीसीपीवर परिणाम तर सरळ सिलिंडरच्या दाबावर होतो. एसी खोलीत 25 डिग्रीला 200 बार भरलं आणि रायफल वर्धा रोडवर उन्हात उभ्या कारच्या डिक्कीत ठेवली, आत 60 डिग्री झालं तर दाब 220 च्या वर जातो. सिलिंडरवर लिहिलेली मर्यादा पाहा आणि उन्हाळ्यात कमीच भरा. दाब वाढला की काही रायफलींत व्हॉल्व्ह जड उघडतो आणि वेग उलट पडतो, मग लोक पेलेटला दोष देतात. आणखी एक, पंपाने भराभर भरलं की सिलिंडर गरम होतो, थंड झाल्यावर काटा खाली येतो, लगेच लीक आहे म्हणून सील बदलायला धावू नका, तासभर थांबून काटा पाहा.

भोक लांबट दिसतंय

कागदावर गोल भोकाऐवजी लांबुळकं भोक दिसलं तर पेलेट आडवं होऊन लागतंय. नेहमीचं कमरेत बारीक असलेलं पेलेट स्वतःच्या आकारानेही सरळ राहतं, बॅडमिंटनच्या फुलासारखं, मागचा हलका भाग हवेने मागेच राहतो. पण स्लग नावाचे जे लांब, सरळ, कमर नसलेले तुकडे हल्ली मिळतात त्यांना सरळ ठेवायला फक्त फिरकीच असते. बऱ्याच 4.5 मिमी नळ्यांत साधारण 400 ते 450 मिमीमध्ये एक फेरा असतो, लांब आणि जड स्लगला तेवढी फिरकी पुरत नाही, वेग कमी असेल तर अजूनच नाही. यावर पकड सुधारून काही होत नाही, ते स्लग त्या नळीसाठी नाहीत. लांबट भोक साध्या पेलेटनेही येत असेल तर नळीचं तोंड पाहा, तिथे घासलेलं किंवा शिसं साचलेलं असू शकते.

वेग वाढावा म्हणून तेल टाकणं

जड पेलेटने वेग पडला म्हणून कोणीतरी सांगते, पोर्टमध्ये (पिस्टनपुढची हवा नळीत जाते ते भोक) दोन थेंब मशीनचं तेल टाक. स्प्रिंगरमध्ये ते तेल दाबाने पेटतं, फटाक्यासारखा आवाज, नळीतून धूर, आणि स्प्रिंग-सीलची वाट. पीसीपीमध्ये तर पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस कधीच नाही, 200 बारच्या हवेत ते स्फोट करू शकते. तिथे फक्त सिलिकॉनचं, ते पण कंपनीने सांगितलं तिथेच.

10 मीटरच्या मॅचसाठी काय?

जी पोरं क्लबमध्ये 10 मीटर मारतात त्यांनी जड पेलेटच्या नादी लागूच नये. तिथे पेलेट चपट्या तोंडाचं लागतं, कारण ते कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतं, रायफलवाल्यांचं नेहमीचं वजन 0.53 ग्रॅमच्या आसपास. आंतरराष्ट्रीय रायफल टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिमीचा असतो, गोल तोंडाचं जड पेलेट कागद फाडतं आणि स्कोअर कुठे लागला हेच कळत नाही. अभिनव बिंद्राने 2008 ला बीजिंगमध्ये सोनं आणलं ते याच प्रकारात. तिथे ताकदीचा काही संबंध नाही, एकाच लॉटची आणि आपल्या नळीला जुळणारी पेलेटं शोधण्यात मेहनत घालवा.

मागची भिंत आणि शेजारचं झाड

जड पेलेट पीसीपीतून जास्त ऊर्जा घेऊन निघतं, त्यामुळे हलक्यावर चाललेला पुठ्ठ्याचा डबा त्याच्यावर चालेल असं नाही. टार्गेटमागे 45 अंशात खाली झुकलेली लोखंडी प्लेट आणि खाली वाळूची पेटी ठेवा, सरळ उभ्या प्लेटवरून तुकडे परत येतात. चष्मा लावा, पाहणाऱ्यालाही द्या. पेलेटं तोंडात धरून लोड करायची सवय दिसली तर त्या पोराला तिथेच थांबवा, शिसं पोटात जाते. मारून झालं की साबणाने हात धुवा, मगच तर्री-पोह्यावर बसा.

आणि "हेवी पेलेट कशासाठी पाहिजे" या प्रश्नाला कोणी माकड, ससा, कबूतर असं उत्तर देत असेल तर त्याला डबा देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, एअर रायफलने केली म्हणून शिकार गुन्हा होत नाही असं काही नाही. आपल्या एका बाजूला पेंच, दुसऱ्या बाजूला उमरेड-कऱ्हांडला, पुढे ताडोबा. तिकडे फिरायला जाताना रायफल गाडीत ठेवूच नका, अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरायलाच मनाई आहे. घरातून निघताना डिक्की तपासायची आणि रायफल काढून कुलपात ठेवायची.