प्रिंट सर्व्हरवर अधिकार दिले, तरी जुने प्रिंटर ऐकेनात

हेल्पडेस्कच्या मुलांना प्रिंटरची कामं करता यावीत, पण विंडोज प्रिंट सर्व्हरचं (सगळे प्रिंटर सांभाळणाऱ्या मशीनचं) ॲडमिन खातं त्यांच्या हाती जाऊ नये, म्हणून त्यांचा वेगळा ग्रुप केला. विंडोजच्या प्रिंट मॅनेजमेंट या टूलमध्ये सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटी टॅबवर त्या ग्रुपला 'मॅनेज सर्व्हर', 'प्रिंट', 'मॅनेज डॉक्युमेंट्स' आणि 'मॅनेज प्रिंटर्स' दिलं. तरी तक्रार आलीच: नवीन प्रिंटर जोडता येतो, पण जुन्या प्रिंटरवर अडकलेला जॉब काढायला गेलं की 'ॲक्सेस डिनाइड'.

हाच फरक महत्त्वाचा निघाला. सर्व्हरवर दिलेले अधिकार त्यानंतर जोडलेल्या प्रिंटरनाच लागू होतात. आधीपासून असलेल्या प्रत्येक प्रिंटरची परवानगी-यादी स्वतंत्र असते आणि ती आपोआप बदलत नाही. एका जुन्या प्रिंटरच्या सिक्युरिटी टॅबवर ग्रुप हाताने जोडला, जॉब लगेच निघाला. मग त्याच प्रिंटरची एसडीडीएल ओळ (परवानगी-यादी मजकुराच्या रूपात) पॉवरशेलच्या 'गेट-प्रिंटर' कमांडला 'फुल' जोडून काढली आणि 'सेट-प्रिंटर'ने बाकीच्यांवर चढवली. पण त्याआधी प्रत्येकाची मूळ ओळ फाइलमध्ये जपून ठेवा, कारण नवी ओळ जुनीला पूर्ण पुसते. एखादा प्रिंटर ठरावीक विभागापुरताच असेल, तर त्याला यातून वगळा.

ग्रुपमध्ये नुकतंच घातलेल्यांनी लॉगऑफ करून परत लॉगइन करायला हवं, नाहीतर जुनंच टोकन (लॉगइनच्या वेळी बनलेली ग्रुपांची नोंद) चालू राहतं.

स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) रीस्टार्ट करायचा अधिकार मात्र यात येत नाही, तो सर्व्हिसवर वेगळा द्यावा लागतो. ड्रायव्हरचंही तसंच: 2021 च्या प्रिंटनाइटमेअर या स्पूलरमधल्या सुरक्षा-त्रुटीनंतरच्या अपडेट्सपासून ते टाकायला डीफॉल्टनेच ॲडमिन लागतो. ते काम मी माझ्याकडेच ठेवलंय.