दीर्घिकेतल्या कृष्णद्रव्याचं मॉडेल कसं तयार करावं

कृष्णद्रव्य दिसत नाही, पण त्याची ओढ मोजता येते. त्यासाठी केंद्रापासून कोणत्या अंतरावर तारे आणि वायू किती वेगाने फिरतात, हे आधी हाती हवं. दुर्बीण लागत नाही: 2016 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पार्क’ या खुल्या संग्रहात 175 दीर्घिकांचे वेग तक्त्यात मांडलेले आहेत. सुरुवातीला त्यातली एनजीसी 3198 ही दीर्घिका घ्या.

पहिला हिशोब कागदावर करा. वेगाच्या वर्गाला अंतराने गुणा आणि गुरुत्व स्थिरांकाने भागा. अंतर किलोपार्सेकमध्ये (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे 3,260 प्रकाशवर्षं) आणि वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये असेल, तर हा स्थिरांक 0.0000043 धरा, उत्तर सूर्याच्या पटीत येतं. या दीर्घिकेत 30 किलोपार्सेकवर वेग साधारण 150 आहे. म्हणजे आतलं वस्तुमान सुमारे 15,700 कोटी सूर्यांइतकं!

आता यातून दिसणारं द्रव्य वजा करायचं. वेग थेट वजा करू नका, वेगांचे वर्ग वजा करा. तक्त्यात ताऱ्यांच्या तबकडीचा वेग वस्तुमान-प्रकाश गुणोत्तर (सूर्याच्या तुलनेत, दर एकक प्रकाशामागे किती वस्तुमान) 1 धरून दिलेला असतो. त्याच्या वर्गाला 0.5 ने गुणा. वायूच्या रकान्यात कुठे कुठे ऋण आकडा दिसेल. ती चूक नाही. मध्यभागी वायू विरळ असला, की बाहेरचा वायू बाहेरच्या दिशेने ओढतो. नुसता वर्ग केलात तर ते ऋण चिन्ह हरवेल, म्हणून वर्गानंतर ते पुन्हा लावा.

उरलं ते प्रभामंडलाचं, म्हणजे दीर्घिकेला वेढून असलेल्या कृष्णद्रव्याचं. त्यावर दोन सूत्रं बसवून पाहा. नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांच्या सूत्रात घनता केंद्राकडे टोकदार होत जाते. बर्कर्टच्या सूत्रात गाभा सपाट राहतो. दोन्हींत फक्त दोन आकडे शोधायचे, एक घनतेचा आणि एक त्रिज्येचा. पायथॉन या संगणकभाषेतलं सायपाय हे गणिती साधन हे काम क्षणात करतं.

खरी अडचण त्या 0.5 मध्ये आहे. ते 0.7 केलं, की प्रभामंडल हलकं होतं, आणि तरी आलेख जवळपास तितकाच चांगला जुळतो. म्हणून गुणोत्तर पक्कं न धरता तेही 0.5 च्या आसपास मोकळं सोडा, आणि एकाच उत्तराऐवजी शक्यतांचा पट्टा मांडा. गाभा टोकदार की सपाट, हे तपासायला मला डीडीओ 154 सारखी बटू दीर्घिका जास्त भरवशाची वाटते. तिथे ताऱ्यांपेक्षा वायू कितीतरी जास्त, आणि वायूचं वस्तुमान 21 सेंटीमीटरच्या रेडिओ लहरींवरून थेट मिळतं. तिथे सपाट गाभाच नीट बसतो.

शेवटच्या बिंदूपलीकडच्या वस्तुमानाबद्दल मात्र ठाम बोलू नका: मोजमाप काही डझन किलोपार्सेकवर थांबतं, प्रभामंडल त्याच्या कितीतरी पट पसरलेलं असतं.