पिकअपच्या हौद्याला कव्हर लावायचं का? पाऊस सुरू व्हायच्या आधी ठरवा

पावसाळा तोंडावर आला की पिकअप असलेल्या शेतकऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, हौद्याला कायमचं कव्हर बसवून घेऊ का ताडपत्रीवर भागेल. आणि बहुतेक वेळा उत्तर गाडी बघून दिलं जातं, म्हणजे गाडी नवीन असली की बसवून टाक आणि जुनी असली की राहू दे. माझं म्हणणं असं की गाडी नंतर बघा, आधी हौद्यात काय भरता ते बघा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माल भरल्यावर गाडी किती वेळ नुसती उभी राहते ते बघा, कारण मालाचं बरंचसं नुकसान उभ्या गाडीतच होतं. तोलाईच्या रांगेत, उतरवायला माणसं येईपर्यंत, रात्री अंगणात, जेवायला थांबलात तेव्हा. तुमचं शेत ते उतरवायची जागा अर्ध्या तासाची असेल आणि पोचल्या पोचल्या माल खाली होत असेल तर एक चांगली ताडपत्री बास आहे. तीन-चार तास उभं राहावं लागत असेल तर मात्र हिशोब बदलतो.

आधी पाण्याचं बोलू. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. पिकअपचा हौदा साधारण ४ चौरस मीटरचा धरला तर २५ मिलिमीटरची एक सर येऊन गेली की १०० लिटर पाणी हौद्यात पडलं, आणि तळाची भोकं माती-पाल्याने बुजलेली असतील तर ते तिथेच थांबतं आणि खालच्या थरातली पोती त्यात बसतात. वरची पोती कोरडी दिसतात म्हणून कोणी बघत नाही आणि दोन दिवसांनी खालून वास यायला लागतो. म्हणून कव्हर घ्या किंवा नका घेऊ, पण हौद्याची भोकं आजच तारेने मोकळी करा आणि पोत्यांखाली लाकडी फळ्या किंवा पॅलेट टाका, याला काही खर्च नाही आणि धान्याचं निम्मं काम इथेच होतं.

आता कुठल्या मालाला खरंच झाकण लागतं. धान्य, बियाणं, खत, पशुखाद्य, सुका चारा यांना पावसात झाकण हवंच, त्यात वाद नाही. पण खताच्या बाबतीत एक गैरसमज आहे की ताडपत्री टाकली म्हणजे खत सुरक्षित. ताडपत्री पाऊस अडवते, दमट हवा अडवत नाही. ३० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता साधारण ७३ ते ७५ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतूनच पाणी ओढायला लागतो, अमोनियम नायट्रेट तर ६० टक्क्यांच्या आसपासच ओढतं, आणि ही दोन्ही एकमेकांत मिसळली तर १८ टक्क्यांच्या आसपासच चिखल व्हायला सुरुवात होते, म्हणजे जवळजवळ कुठल्याही हवेत. त्यामुळे फाटकी पोती शेजारी शेजारी ठेवून वर कितीही भारी कव्हर टाकलं तरी उपयोग नाही. पोत्याच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी धड असणं आणि पोती त्याच दिवशी गाडीतून उतरवून कोरड्या खोलीत जाणं हेच खरं काम. खत भरलेली गाडी रात्रभर कव्हरखाली उभी ठेवायची सवय असेल तर ती सोडा.

धान्याचं अजून एक आहे. दिवसभर तापलेला माल प्लॅस्टिकखाली घट्ट बांधून रात्री उघड्यावर उभा केला की कव्हरच्या आतल्या बाजूला पाणी सुटतं आणि तेच थेंब थेंब वरच्या पोत्यांवर गळतं, मग माणूस म्हणतो ताडपत्री गळकी निघाली, पण पाणी बाहेरून आलेलंच नसतं. धान्यात ओलावा १२-१३ टक्क्यांच्या वर असेल तर हा प्रकार आणखी वाढतो आणि बुरशी धरते. रात्रीचा मुक्काम असेल तर शेडखाली गाडी लावून कव्हर दोन्ही बाजूंनी उचलून ठेवा, शेड नसेल आणि पाऊसही नसेल तरी कडा थोड्या मोकळ्या ठेवा. जाड सुती कॅनव्हासमधून थोडी हवा खेळते म्हणून त्याखाली हे कमी होतं, पण तो भिजला की फार जड होतो आणि नीट वाळवला नाही तर कुजतो.

भाजीपाला आणि फळवाल्यांनी मात्र पूर्ण बंद कव्हरचा मोह टाळा, हे मी मनापासून सांगतोय. तोडलेली भाजी जिवंत असते, श्वास घेते आणि उष्णता सोडते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की श्वासाचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. म्हणजे बंद हौद्यात उन्हात उभी असलेली भाजी स्वतःच स्वतःला तापवत राहते, त्यात कव्हर काळं असेल तर बघायलाच नको. पालेभाजी पिवळी पडते, टोमॅटो मऊ होतो, आणि सोबत पिकलेला आंबा, केळी, पपई असेल तर त्यातून निघणाऱ्या इथिलिन वायूने काकडी आणि पाला अजून लवकर पिवळा होतो. मग उघडंच न्यायचं का, तर तेही नाही, कारण उघड्या हौद्यात ऊन थेट लागतं आणि धावत्या गाडीचा वारा पाल्यातलं पाणी ओढून घेतो. इथे उत्तर मधलं आहे. हौद्यावर पाईपचा सांगाडा, त्यावर पांढरं किंवा फिक्या रंगाचं कव्हर, कॅरेटच्या वरच्या थरात आणि कव्हरमध्ये किमान एक वीतभर मोकळी जागा, पुढे केबिनच्या पाठीमागे हवा शिरायला फट आणि मागे फाळक्याच्या वर हवा बाहेर पडायला जाळी. पाऊस आला तर मागचा पडदा खाली सोडायचा, थांबला की परत वर. पहाटे तोडणी करून, सावलीत थंड करून मग भरलं तर हेच कव्हर दुप्पट काम करतं, तापलेला माल भरून झाकलं तर तेच कव्हर नुकसान करतं.

नर्सरीवाल्यांनी आणि रोपं आणणाऱ्या सगळ्यांनी हा भाग नीट वाचा, कारण पावसाळ्यात बरीच रोपं याच कामात मरतात आणि दोष जातो जमिनीला. ताशी ५०-६० किलोमीटर वेगाने गाडी पळते तेव्हा उघड्या हौद्यातल्या रोपाला सतत जोराचं वारं लागत असतं. कोवळी पानं फाटतात, शेंडे मोडतात, आणि मुळांचा पसारा लहान असल्यामुळे पानांतून उडालेलं पाणी भरून निघत नाही. रोप त्या दिवशी हिरवंच दिसतं, लावल्यावर चार-पाच दिवसांनी माना टाकतं. ढगाळ हवा आहे, जवळच जायचंय म्हणून उघडी आणली, असं बरेच जण करतात पण वारा ढग बघून कमी होत नाही. रोपांना ताडपत्रीपेक्षा शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी चांगली, हवाही जाते आणि वाऱ्याचा जोरही मोडतो. भरायच्या काही तास आधी पाणी द्या म्हणजे पिशवीतली माती धरून राहील, उंच रोपं आडवी करायची असतील तर शेंडे मागच्या बाजूला करा, पिशव्या एकमेकींना खेटून बसवा म्हणजे हलणार नाहीत, आणि वरून जाळी अशी बांधा की ती फडफडत पानांवर आपटणार नाही. पोचल्यावर लगेच जाळी काढून सावलीत उतरवा. रोपांचं काम वर्षातून एकदाच असेल तर त्यासाठी कायमचं कव्हर घेऊ नका, शेडनेटचा एक तुकडा आणि दोरी एवढ्यावर होतं.

जनावरं नेत असाल तर चारी बाजूंनी बंद कव्हर कधीच नाही, वर सावली आणि बाजू मोकळ्या. माणसांचं तर त्याहून कडक, मजूर मागे बसवून वरून कव्हर बंद करणं जिवावर बेतू शकतं, कारण सायलेन्सरचा धूर मागून हौद्यात ओढला जातो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठत नाही. पाऊस आहे म्हणून तरी हे करू नका.

कीटकनाशकं आणि डिझेल-पेट्रोलचे कॅनही इथेच सांगून टाकतो. औषधं केबिनमध्ये माणसांजवळ ठेवू नयेत, मागेच ठेवायची, पण झाकण लागणाऱ्या पेटीत, उभी, आणि धान्य-भाजी-पशुखाद्यापासून लांब. पेट्रोलचा कॅन बंद कव्हरखाली तापत ठेवू नका, वाफ साठते. आणि पंपावर कॅन हौद्यात ठेवून भरायचा नाही, विशेषतः हौद्यात प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर अजिबात नाही, स्थिर विजेची ठिणगी पडून आग लागू शकते, कॅन खाली जमिनीवर ठेवूनच भरा.

ज्यांच्या हौद्यात मुख्यतः माती, दगड, लाकडं, ओलं शेणखत आणि पाईप जातात त्यांना कव्हर लागत नाही, उगाच बसवू नका, फावड्याने भरताना पहिल्याच महिन्यात फाटेल. फक्त कोरडं बारीक खत, भुसा, पाचट, रिकाम्या गोण्या आणि रिकामी कॅरेट यांच्यावर जाळी टाकायलाच हवी, मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यात भुसा गेला तर अपघात होतो.

कव्हर घ्यायचंच ठरलं तर कोणतं. सपाट कडक झाकण असतं ते अवजारं, मोटार, ड्रिपचं सामान, बियाण्याच्या पिशव्या यासाठी उत्तम, कुलूप लागतं, पण हौद्याच्या कठड्यावर एक कॅरेट जाणार नाही त्यामुळे माल नेणाऱ्याला ते अडचणच. पूर्ण पेटीसारखी टप बसवली तर चोरी आणि पाऊस दोन्हीची काळजी मिटते, पण तिचं वजन रोज गाडीवर असतं, तेवढं वजन मालातून वजा करायचं आणि वजन वर गेल्यामुळे वळणावर गाडी जास्त कलते हे धरून चालायचं. कव्हरने डिझेल वाचतं असं सांगून विकणारे भेटतील. सपाट झाकणाने हवेचा अडथळा थोडा कमी होतो हे खरं, पण तो फरक लहान असतो आणि तोही वेगात जाणवतो, शेतरस्त्यावर नाही. उलट उंच टप किंवा फडफडणारी ताडपत्री अडथळा वाढवते, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. डिझेलच्या हिशोबावर कव्हर घेऊ नका. बहुतेक मिश्र शेती करणाऱ्यांना काढता-घालता येणारा सांगाडा, एक ताडपत्री आणि एक शेडनेट एवढंच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं असं माझं मत आहे, कारण एका वर्षात हौद्यात खतही बसतं, भाजीही आणि रोपंही, आणि या तिघांना एकच झाकण चालत नाही.

ताडपत्री घेताना माप हौद्याचं नाही, भरलेल्या मालाचं घ्या. लांबी अधिक दोन्ही बाजूंची उंची, आणि वर हातभर जास्त. ऊन सोसणारी, म्हणजे यूव्ही प्रक्रिया केलेली आहे का ते विचारा, नाहीतर एका उन्हाळ्यात तिचे पापुद्रे निघतात. कडेला दोरी शिवलेली आणि रिंगा जवळ जवळ असाव्यात. दोन ताडपत्र्या जोडून टाकायच्या तर आधी मागची टाका आणि तिच्यावर पुढची, म्हणजे पुढून येणारा वारा सांध्यात शिरत नाही. मध्ये खळगा राहू देऊ नका, तिथे पाणी साठून सगळं वजन एका जागी येतं आणि शेवटी तिथेच फाटतं, मधोमध एक पोतं उभं ठेवून किंवा आडवा पाईप टाकून उंचवटा करा. आणि ताडपत्री म्हणजे माल बांधणं नव्हे, आधी माल दोरीने किंवा पट्ट्याने आवळा आणि मग झाका. रबरी हुकाचे पट्टे ताणताना तोंड बाजूला ठेवा, सुटला तर सरळ डोळ्यावर येतो. मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जात नाहीये ना ते निघताना खाली उतरून बघा.

माल उतरवल्यावर ओलं कव्हर तसंच हौद्यावर ओढून ठेवायचं नाही, आत दमट राहून पत्रा गंजतो, खताची गाडी असेल तर फारच लवकर. हौदा पाण्याने धुवा, फाळका उघडा ठेवून वाळू द्या, कव्हर वेगळं पसरून वाळवा आणि मगच घडी घाला, घडी दरवेळी त्याच रेषेवर घालू नका, तिथेच चिरतं.

आणि पहिल्या पावसाची वाट न बघता आत्ता एक काम करा. रिकाम्या हौद्यात कोरडा पुठ्ठा पसरा, कव्हर नेहमीसारखं बांधा आणि पाईपने दहा मिनिटं वरून, बाजूने आणि विशेषतः पुढच्या बाजूने जोरात पाणी मारा, कारण चालत्या गाडीत पाऊस पुढूनच येतो. मग उघडून पुठ्ठा कुठे भिजलाय ते बघा, त्याच्या वरच्या जागेवर खडूने खूण करा, आणि कव्हर पूर्ण वाळल्यावर तिथे आतून-बाहेरून दोन्हीकडून पट्टी चिकटवा.