जुन्या गाडीचा डॅशबोर्ड: या चुका टाळा

पद्मिनी असू दे नाहीतर ॲम्बेसेडर, इंजिनचं काम करणारा मिस्त्री साताऱ्यात अजून मिळतो, पण डॅशबोर्डचा ओरिजिनल नॉब तुटला की तसाच दुसरा शोधायला भंगारवाल्यांची दुकानं पालथी घालावी लागतात. म्हणून माझं एकच म्हणणं, काही अडकलं की जोर लावू नका, आधी मागं काय चाललंय ते बघा. आणि मागं हात घालायच्या आधी बॅटरीची अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर काढा, हे तर पहिलं.

सगळ्यात जास्त हाल होतात चोकचे, म्हणजे थंड इंजिन चालू करताना ओढायच्या नॉबचे. उन्हाळाभर त्याला कुणी हात लावत नाही, मग डिसेंबरात सकाळी गाडी चालू होईना म्हणून जोरात खेचतात आणि आतली तार वाकते नाहीतर तुटतेच. बॉनेट उघडा, कार्बोरेटरकडनं केबल सोडवा आणि तिथला लिव्हर बोटानं हलवून बघा. लिव्हर मोकळा फिरला तर केबल जाम आहे, मग पातळ तेल थेंबथेंब सोडत नॉब हळूहळू आतबाहेर करत रहा, एका दिवसात नाही झालं तर रात्रभर मुरू द्या. इंजिन तापलं की चोक आत ढकलायचा, तसाच ओढलेला ठेवून पसरणी घाट चढवला तर काळा धूर, प्लग काळे आणि पेट्रोल जातं ते वेगळंच.

हेडलाइटला 100 वॅटचे बल्ब टाकतात आणि रिले, म्हणजे बल्बचा मोठा करंट खटक्याऐवजी आपल्यातनं नेणारा स्विच, लावत नाहीत. बऱ्याच जुन्या गाड्यांत लाइटचा सगळा करंट डॅशच्या खटक्यातनंच जातो, दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टला 16 अँपिअरच्या वर, एवढं त्या खटक्याला सोसत नाही. लाइट लावून थोड्या वेळानं खटक्याला हात लावा, गरम लागला तर रिले बसवाच. फ्यूज उडतोय म्हणून जाड तार गुंडाळणं तर अजिबात नको, त्यानं वायरिंग पेटतं.

पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे एकदमच चुकीचं दाखवायला लागले तर मीटर बदलू नका, बहुतेक वेळा अर्थ खराब असतो किंवा मागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर, म्हणजे काट्यांना एकसारखा व्होल्टेज देणारा भाग, गेलेला असतो. एकटा पेट्रोलचाच काटा मेला असेल तर आधी टाकीच्या फ्लोटकडं, म्हणजे पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणाऱ्या भागाकडं बघा.

स्पीडोमीटरचा काटा थरथरतोय म्हणजे केबल कोरडी पडलीय नाहीतर कुठंतरी दुमडलीय. ग्रीस लावा पण वरचा भाग कोरडा ठेवा, नाहीतर ग्रीस चढून मीटरमधेच जातं.

सांगलीकरांसाठी वेगळं सांगतो, 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या गाडीत डॅशपर्यंत पाणी गेलं होतं त्यांनी खटके वरनं चालतात म्हणून गप्प बसू नका. गाळ कनेक्टरच्या आत बसलेला असतो, एकेक कनेक्टर सोडवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशनं साफ करा, हिरवट झालेल्या पिना बदला, आणि परत जोडताना चुकू नये म्हणून सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.